सालीची जाडी

१७ जानेवारी २००८, गुरुवार

छत्तीस तासांचं काम, आणि चौतिसाव्या तासाला लाइट गेली. इन्व्हर्टर दोन तास टिकेल अशी छातीठोक हमी दुकानदाराने दिली होती. पस्तीस मिनिटांत त्याने मान टाकली. कॉम्प्युटर बंद, मेंदू अर्धवट, आता सगळं पहिल्यापासून. भारनियमनाचं वेळापत्रक मी भिंतीवर चिकटवलंय, पण लाइटने ते वाचलेलं दिसत नाही.

डॉ. तृप्ती लोंढे यांच्याकडे कामाला लागून दोन महिने झाले. सत्तावीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, मग व्हीआरएस. त्यांना तासन्‌तास रेघा बघत बसेल असा माणूस हवा होता. मुलाखतीत त्यांनी मेंदूचं एक चित्र पुढे ठेवलं आणि रेघ कुठे चुकलीय ते विचारलं. मी अकरा जागा दाखवल्या. त्यांना सातच ठाऊक होत्या.

काम समजायला सोपं आहे. मेंदूवर करड्या रंगाची एक साल असते. जाडी दोन-अडीच मिलिमीटर. वय वाढतं तशी ती पातळ होते, विसरण्याच्या आजारात जरा जास्तच. डॉक्टरीणबाईंना विसरणारे आणि न विसरणारे अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या साली मोजायच्या आहेत. एमआरआयची चित्रं आली की परदेशातून फुकट मिळालेलं एक सॉफ्टवेअर सालीची आतली रेघ काढतं, बाहेरची रेघ काढतं, मधलं अंतर लाखो ठिकाणी मोजतं आणि शेवटी एक आकडा देतं: सरासरी जाडी. फक्त मेंदूवरचं आवरणही ते कधीकधी साल समजून आत ओढतं. एकेक चित्र उघडून ते पुसायचं, हे माझं काम. तळघरातली खोली, एसीची घरघर आणि मी.

हे सगळं सविताला फोनवर सांगायला घेतलं तर म्हणाली, बरं, नंतर बोलू, बाळ उठलं. आमच्या शुभांगीच्या बाळंतपणाला म्हणून ती तीन महिन्यांसाठी हैदराबादला गेली. हा विसावा महिना चालू आहे. पोरीला मदत हवी असते, समजू शकतो.

२४ जानेवारी, गुरुवार

न विसरणारी माणसं मिळत नाहीत. म्हणजे आहेत ढीगभर, पण काही होत नसताना मशीनमध्ये कोण जाऊन झोपेल? कॉलनीत बारा दारं वाजवली. एकाने तर सरळ सांगितलं, खैरनार, हात दाखवून अवलक्षण कशाला, आणि दार लावून घेतलं. फुकट आहे म्हटलं की संशय आणखी वाढतो.

शेवटी पंचवटीत गेलो. मंडईच्या अलीकडे फुलवाल्या बायांची ओळ बसते. ओळीच्या टोकाला नवसाबाई काकड, मखमलाबादच्या. शेवंती, गुलाब, झेंडू, घरच्या मळ्यातली. काटक बाई, केस निम्मे काळे, दात शाबूत. मी पाच मिनिटं सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मशीनमधी काय दिसंल? म्हटलं, मेंदू. म्हणाली, आन नसंल तर? सगळी ओळ हसली. मग म्हणाली, येते मी, एकदा खात्री तरी हुईल.

ठमाबाईचा डबा आजपासून बंद. पोळ्यांच्या कडा जाड आणि मध्ये पातळ असतात एवढंच मी तिला सांगितलं होतं. तेही मोजून. तिने निरोप पाठवला, दुसरा डबा बघा.

२ फेब्रुवारी, शनिवार

नवसाबाईचं स्कॅनिंग झालं. फॉर्म मीच भरला. वय विचारलं तर म्हणाली, "सहा सिंहस्थ फुलं विकली मी घाटावर. पहिल्याला परकर होता. लिही." आता सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो हे मलाही ठाऊक आहे, तीस वर्षं नाशकात राहतोय. पण फॉर्मवर सिंहस्थाचा रकाना नाही. कागद मागितला. पिशवीतून मतदार कार्ड निघालं. १ जानेवारी १९९५ रोजी वय ४६. म्हणजे आज ५९. तेच लिहिलं. म्हणाली, कागूद म्हणतोय तर आसंल. नातेवाईक म्हणून मुलगा जीवन, वय ४७, शेती, याने सही केली. त्याच्याकडे शाळेचा दाखला होता, म्हणून तिथे काही वाद झाला नाही.

मशीनचा आवाज ऐकून भलेभले दचकतात. ही आत गेली आणि झोपली. बाहेर आल्यावर म्हणाली, विहिरीवरची मोटर याहून जास्त बोंबलती. जाताना मला एक गुलाब दिला आणि म्हणाली, जेवत जा लेकरा, गाल बसले तुझे. माझं वय ५६. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बाई मला लेकरा म्हणते. बोलण्यात ताळतंत्र म्हणून काही नाही.

गुलाब ग्लासात ठेवलाय.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

इतकं स्वच्छ चित्र आजवर आलं नव्हतं. बाकीची माणसं आत चुळबुळ करतात, खोकतात, चित्र हलतं. हिची प्रत्येक रेघ टाकाने ओढल्यासारखी. दोन दिवस लावून प्रत्येक चित्र तपासलं. जिथे गरज नव्हती तिथेही थांबून बघत बसलो.

आकडा आला: २.१९. आमच्याकडे पंचावन्न ते साठ वयाच्या न विसरणाऱ्यांची सरासरी २.४० आहे. म्हणजे हिचा ठिपका आलेखाच्या रेघेच्या बराच खाली पडतो. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, एका आकड्याने आजार ठरत नाही, वर्षाने पुन्हा बघू. आणि कुणालाही त्याचा आकडा सांगायचा नाही, हा नियम त्यांनी मला चौथ्यांदा सांगितला. मला एकदा सांगितलेलं पुरतं.

यादी बघून मात्र त्या हसल्या. एकतीस जणांपैकी चौदा जणांचा जन्म एक जूनचा. त्या मुंबईच्या, त्यांना ठाऊक नव्हतं. सांगितलं, शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर एक जून लिहायचे. माझीही एक जूनच आहे.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवारी सकाळी पंचवटीत जायचा पायंडा पडलाय. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण फुलं घेतो. नवसाबाईला कुणाचा कोणता देव, कोणाला सोमवारी बेल लागतो, कोणाच्या घरी कधी वर्षश्राद्ध, सगळं तोंडपाठ. केरू चहावाल्याच्या गणपतीला रोज एक हार जातो, तो ती न सांगता बाजूला काढून ठेवते. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो. तिने मला बसायला पोतं दिलं.

ही बाई विसरते असं वाटत नाही. पण आकडा आकडा असतो.

२ मार्च, रविवार

फोन. चार मिनिटं दहा सेकंद. न विसरणारे कमी पडले म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाही मशीनमध्ये घातलं होतं, त्याचा आकडा आला, २.४७. सविताला सांगितला. वयाच्या मानाने उत्तम आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग शुभांगीने फोन घेतला आणि आई आंघोळीला गेली म्हणाली. सविता हल्ली दिवसातून दोन-तीनदा आंघोळ करते. हैदराबादला उकाडा फार.

५ मार्च, बुधवार

आज नवसाबाईचा जीवन तळघरात आला. म्हणाला, साहेब, मशीनमधी घातलं, पन रिपोर्ट नाय दिला. घरी सगळे विचारतात. त्याचंही चुकत नाही. आपल्याकडे तपासणी झाली की हातात पिवळं पाकीट पाहिजे, नाहीतर लोकांना वाटतं काहीतरी लपवलं.

दुपारी तीन ते सहाच्या वेळेत या खोलीत आलेला हा पहिला माणूस. चहा मागवला. त्याने गुलाबावरच्या रोगाचं सांगितलं, मी त्याला कारखान्यातलं सांगितलं. सविताबद्दलही बोललो थोडं. पाऊण तास गेला. दुसरा चहा मीच मागवला. मग तो उठायला लागला.

तेव्हा मी म्हणालो, बसा, दाखवतो.

स्क्रीनवर त्याच्या आईचा मेंदू काढून दाखवला. साल कुठली, रेघ कुठली, सगळं सांगितलं. तो अगदी मन लावून ऐकत होता. मला डॉक्टरसाहेब म्हणत होता. मी आकडा सांगितला. वयाच्या मानाने जरा पातळ आहे, म्हटलं. पातळ म्हणजे? म्हटलं, झीज जास्त. घाबरायचं कारण नाही, हेही म्हणालो. म्हणालो असेन.

नियम मोडला हे खरं. पण खोटं तर नाही ना सांगितलं? जे आहे ते सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

नवसाबाईची जागा रिकामी. शेजारी बसणाऱ्या चांगुणाला विचारलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग सांगितलं, म्हातारीला घरीच ठिवलंय, तिच्या डोक्याची साल उडाली म्हनं. मशीनमधी निघालं. हात दाखवून अवलक्षण.

साल उडाली असं मी म्हटलेलंच नाही. वयाच्या मानाने पातळ, असं म्हटलं होतं. लोक नीट ऐकतच नाहीत.

फुलं न घेताच परत आलो. दिवसभरात एकच चित्र तपासून झालं.

८ एप्रिल, मंगळवार

पाडवा होऊन गेला. पाडव्याला नवसाबाई जागेवर नव्हती, असं म्हणे पन्नास वर्षांत झालं नाही. चांगुणा आज सरळच बोलली. ओळीचा नियम आहे, कोणी तीन महिने बसलं नाही की जागा दुसरीला. वटपौर्णिमेपर्यंत हिची जागा राखू, मग नवी बाई तयार आहे. जागेला कागद नाही, पावती नाही. रोज येऊन बसते तिची जागा.

मखमलाबादला जाऊन यावं असं वाटतं. पण जाऊन बोलणार काय? आकडा खरा आहे. उद्या ती रस्ता चुकली, गाडीखाली आली, तर जीवनने काळजी घेतली तेच बरोबर ठरेल. मी स्वतःला हे दिवसातून चार वेळा समजावतो. समजूत पटलेली असती तर एकदाच पुरलं असतं.

रात्री भात. पोळ्या मला जमत नाहीत.

६ मे, मंगळवार

आजचं क्रमाने लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला सांगितले होते. नवसाबाईचा फॉर्म आला. वय ५९. खाली मुलगा, वय ४७. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात. टाइप केले आणि पुढच्या फॉर्मवर गेलो. मग परत मागे आलो.

सत्तेचाळीस आणि एकोणसाठ. म्हणजे जीवन झाला तेव्हा ती बारा वर्षांची? आणि जीवन तर तिसरा, त्याच्याआधी दोन मुली, हे तिनेच सांगितलं होतं.

मग सिंहस्थ मोजले. आधी बोटांवर, मग कागदावर. २००३, ९१, ८०, ६८, ५६, ४४. सहा. पहिल्याला परकर होता म्हणाली, म्हणजे चव्वेचाळीस साली दहा-बारा वर्षांची पोर. आज ती पंच्याहत्तरीची आहे. मतदार यादीवाला आला तेव्हा घरात जो कोणी असेल त्याने अंदाजे सांगितलं असणार, त्याने लिहिलं असणार. आणि मी कागदावरून कागदावर उतरवलं.

पंच्याहत्तर वर्षांच्या बाईची साल मी एकोणसाठच्या रेघेवर ठेवून पातळ ठरवली. मिलिमीटरचा शंभरावा भाग बघणारा माणूस मी. आई आणि मुलगा यांच्यातलं अंतर मला दिसलं नाही. आणि बाईने वय अचूक सांगितलं होतं, समोर बसून. नाशकातल्या शेंबड्या पोराला कळलं असतं. मला फॉर्मवर रकाना हवा होता.

लेकरा म्हणत होती, ते बरोबरच होतं.

७ मे, बुधवार

सकाळी डॉक्टरीणबाई येण्याआधीच दारात उभा होतो. सगळं सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या.

"खैरनार, तुम्ही आकडा सांगितलात?"

"हो."

"आणि वय विचारलं नाहीत?"

"विचारलं. त्यांनी बरोबर सांगितलं. मी लिहिलं नाही."

त्यांनी दार उघडलं. आत जाऊन खुर्चीवर बसल्या. चूक त्यांचीही आहे, आपण आकडे बघितले, माणसं बघितली नाहीत, असं नंतर म्हणाल्या. मला काढून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी काढलं नाही. सगळ्या एकतीस जणांची वयं पुन्हा काढायला सांगितलं, कागद न बघता, माणसांना विचारून. आणि नवसाबाईच्या घरी मी जायचं की त्यांनी, हे विचारलं. म्हटलं, मी घाण केली, मीच निस्तरतो. पण आधी नवी वयं होऊ देत, हातात काहीतरी घेऊन जातो.

२९ मे, गुरुवार

तीन आठवडे घरोघर फिरलो. पहिला सिंहस्थ कधी आठवतो, तेव्हा शाळेत होता की लग्न झालं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं, पोरं किती होती. माणसं भराभर सांगतात. कागदावर अडणारी माणसं सिंहस्थावर अडत नाहीत. एकतीसपैकी एकोणीस जणांचं वय बदललं, कुणाचं दोन वर्षांनी, कुणाचं अकरा. एवढ्या लोकांशी मी गेल्या दोन वर्षांत बोललो नव्हतो. एका घरी जेवायला बसवलं. पोळीबद्दल काही बोललो नाही, भूक लागली होती.

आज आलेख नव्याने काढला. पंच्याहत्तरच्या वयाला रेघ २.१७ वर आहे. नवसाबाईचा ठिपका रेघेच्या वर. थोडासाच, पण वर. प्रिंट काढून घेतली.

१ जून, रविवार

वाढदिवस, कागदोपत्री. शुभांगीचा फोन आला. सविता मंदिरात गेली होती. आई म्हणायची, तू झालास तेव्हा कापूस वेचायचे दिवस होते. म्हणजे दिवाळीनंतर कधीतरी. तेव्हा आज काही नाही.

३ जून, मंगळवार

मखमलाबादला जाऊन आलो.

जीवनने खाट टाकली, त्याची बायको सुलाबाई हिने पाणी आणलं, पण दोघांच्या तोंडावर हसू नव्हतं. मी प्रिंट उघडून सगळं सांगितलं. चूक माझी, वय माझ्या हाताने चुकलं, तुमची आई तिच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे जोडले असतील.

जीवनने कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाला, "साहेब, तवा तुम्हीच पातळ सांगितलं. आता तुम्हीच जाड सांगता. उद्या आनखी तिसरं सांगाल." मग जरा वेळाने म्हणाला, त्याचं दुखणं वेगळंच आहे. डोक्याचं निघालेलं असताना म्हातारीला बाजारात बसवली आणि रस्ता ओलांडताना काही झालं, तर गाव कुणाला बोलेल? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला वाईट माणूस समजत होतो. तो घाबरलेला होता, एवढंच.

नवसाबाई मागच्या ओट्यावर शेवंती निवडत बसली होती. तीन महिन्यांत वाळून गेलीय. मी शेजारी बसलो. तीच म्हणाली, "सुला मला रोज सकाळी वार इचारती. आधी कोनी इचारत नव्हतं तवा ठाऊक आसायचा. आता इचारलं की जातो सुटून."

मी म्हणालो, तुमचं डोकं चांगलं आहे, माझं हिशोबात चुकलं. तिने मान हलवली. म्हणाली, तुझं खरं का तुझ्या मशीनचं खरं, मला नाय कळत. मला आता माझाच भरवसा वाटत नाय.

मला रडू आलं. आवरलं नाही. तिने फुलं बाजूला केली आणि पाठीवरून हात फिरवला. माझ्या पाठीवर कुणाचा हात पडून किती दिवस झाले ते आठवेना. मग जीवनला हाक मारून तिने सांगितलं, हा बसंल माझ्याशेजारी. याच्यामुळं गेलं, यानंच आनून द्यायचं.

जीवनने बराच विचार केला. शेवटी तयार झाला, पण अट घातली. आठ दिवस मी रोज सकाळी तिच्याजवळ बसायचं. ती कुठे चुकली, विसरली, तर संध्याकाळी त्याला खरं खरं सांगायचं. एक जरी चूक झाली तरी ती घरी बसणार, मग जागेचं काहीही होवो. तुम्ही खोटं बोलनारे नाय, म्हणाला, तेवढं कळलं मला. वटपौर्णिमा अठराला आहे. डॉक्टरीणबाईंकडून सकाळच्या सुट्या मागून घेतल्या.

८ जून, रविवार

फोन, अकरा मिनिटं. सविताला नवसाबाईचं सगळं सांगितलं, माझी चूक धरून. तिने मध्ये तीन प्रश्न विचारले. मग मी विचारलं, तू कधी येतेस? आजवर मी, कधी येणार ते कळव, असं म्हणत आलो.

ती म्हणाली, "तुम्ही पोळी उजेडाला धरून बघता. तीस वर्षं बघत आलात. इथे कुणी बघत नाही."

मी पोळी उजेडाला धरतो? रोज नाही धरत. कडा जाड वाटली तरच. हे तिला सांगणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, ठेवते, आणि ठेवला. सांगायला नको होतंच बहुतेक.

१० जून, मंगळवार

आज पहिला दिवस. सहाला मखमलाबादहून पाट्या घेऊन जीवनने तिला सोडलं. ओळीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. चांगुणाने जागा झाडून ठेवली होती. मला मात्र कुणी राम राम केला नाही. पोतं घेऊन बाजूला बसलो. गुडघे दुखतात.

पहिला तासभर ती गिऱ्हाइकाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत होती. हार देताना, बेल मोजताना, नाव घेताना. मी मान हलवायचो. हळूहळू माझ्याकडे बघणं कमी झालं. साडेसातच्या सुमाराला एका बाईला ती म्हणाली, तुझ्या सासऱ्यांची तिथ उद्या ना, पांढरी फुलं उद्या ने, आज कोमेजतील. ती बाई विसरली होती. नवसाबाईने माझ्याकडे बघितलंच नाही. मला इतकं बरं वाटलं की उठून जरा फिरून आलो.

आठ वाजता केरू चहावाला आला. तिने बाजूला काढलेला हार त्याला दिला. केरूने नेऊन गणपतीला घातला, मी इथून बघितलं.

पाऊण तासाने केरू ग्लास गोळा करत ओळीवरून गेला. नवसाबाईने त्याला हाक मारली, दुसरा हार उचलला आणि म्हणाली, आरं, तुझा गनपती उघडाच ठिवला का आज?

केरूने आधी हाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला अटीचं सगळं ठाऊक होतं, ओळीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी जमिनीकडे बघितलं. केरूने हार घेतला, कपाळाला लावला आणि निघून गेला.

नवसाबाईचा हात तसाच राहिला. माझ्याकडे वळून तिने हळू आवाजात विचारलं, "मघा दिला होता का रे मी?"

"नाही," मी म्हणालो.

"खरं सांग."

"खरंच सांगतो. आत्ताच दिला."

ती पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. ही विसरण्याची सुरुवात आहे, की वय आहे, की तीन महिने रोज सकाळी वार विचारल्याने हे झालंय, मला कळत नाही. कुठल्याही मशीनला कळणार नाही. डॉक्टरीणबाईंना विचारेन, नाव न घेता.

संध्याकाळी सातला जीवनचा फोन आला. काय साहेब, चुकली का कुठं? म्हटलं, एकदाही नाही. तो हसला, पहिल्यांदाच. मग मी सांगितलं की उद्यापासून पाट्या उतरवल्या की त्याने थांबू नये, रस्ता ओलांडायला मी असेन. आठ दिवसांपुरतं नाही, पुढेही.

केरूच्या गणपतीला आज दोन हार होते. ते इथे लिहून ठेवतो, बाहेर कुठेही सांगणार नाही.